शाईसमोर न बोलायचा शब्द

मी हळवी बाई नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझी हयात प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून गेली आणि तिथे हळव्या बाईचा आठवडाभरही निभाव लागत नाही. बायका किंचाळतात, नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, आपल्या मनगटाला नखं रुतवतात. आपण त्यांच्या कपाळावरचा घाम पुसत म्हणायचं, "झालं, झालं, आता झालंच." खरं तर काहीच झालेलं नसतं. पण त्या शब्दाच्या आधारावर बाई आणखी एक कळ सोसते, मग आणखी एक. कुठल्याही औषधापेक्षा मी तो शब्द जास्त वापरला असेन. निवृत्त होऊनही गल्लीत मला सगळे सिस्टरच म्हणतात आणि तो शब्दही जिभेवरून उतरलेला नाही. शेजारचं पोर पडलं, उचलून घेतलं, की झालं झालं. ह्यांच्या गुडघ्याला मलम चोळताना हे विव्हळले, की झालं झालं. जित्याची खोड, दुसरं काय.

हे म्हणजे आमचे हे. छापखान्यात मुद्रितशोधक होते. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता बाहेरच्या कुणाच्या मिळत नाहीत म्हणून माझ्या काढतात.

कुत्री आणायची टूम ह्यांचीच. लेक लग्न होऊन गेल्यावर घर मोठं वाटायला लागलं होतं. गावाबाहेर एका पत्र्याच्या शेडमध्ये पिल्लांचा कारखाना चालायचा, तो बंद पाडून तिथल्या कुत्र्या सोडवल्याचं ह्यांनी कुठेतरी वाचलं. कारखाना म्हणजे कारखानाच. जातिवंत माद्या पिंजऱ्यात ठेवायच्या, विणीवर वीण घ्यायची, पिल्लं दुकानात पाठवायची. त्या माद्यांना आता घरं हवी होती.

"आपण दोघं एकमेकांची तोंडं बघत बसतो," हे म्हणाले. "तिसरं तोंड आलं तर तेवढाच बदल."

शेल्टरमध्ये एक उंच, बारीक बाई होती, सगळे तिला ताई म्हणत. तिने आम्हाला एका खोलीत नेलं. कोपऱ्यात एक काळी, लांब कानांची कुत्री भिंतीकडे तोंड करून उभी होती. आम्ही आत आलो, बोललो, खाली बसलो, तरी तिने मान वळवली नाही.

"सगळ्या अशाच उभ्या राहतात," ताई म्हणाली. "घाबरल्यात. जन्मापासून तारेच्या जाळीवर उभ्या आहेत, जमीन माहीत नाही. आणि हो, ही भुंकणार नाही. त्या माणसानं सगळ्यांचे आवाज काढून टाकलेत. गळ्यात आतून कापतात. शेजाऱ्यांची तक्रार नको म्हणून."

मी पुष्कळ पाहिलंय, पण हे नव्हतं पाहिलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सवयीने बोलले, "झालं, झालं गं बाई. झालं आता." तिच्या कातडीतून एक थरथर गेली आणि ती एकदम शांत झाली. मला वाटलं, आहे अजून माझ्या हातात गुण. तिला आम्ही घरी आणलं. काळी म्हणून ह्यांनी नाव ठेवलं शाई.

शाईचे पहिले दिवस विचित्र होते. आमची बाहेरची खोली चांगली ऐसपैस आहे, पण ती एका कोपऱ्यातल्या चारच फरशांवर वावरायची. तेवढ्यातच गोल फिरायची, तेवढ्यातच झोपायची. पाचव्या फरशीपाशी आली की अंगाला काही लागल्यासारखी थबकायची. हे एकदा तिच्या त्या जागेत हात फिरवून पाहत होते, तिथे खरंच काही आहे का. मी हसले, पण नंतर कोणी नसताना मीही हात फिरवून पाहिला.

आणि आवाज नाही. घरात कुत्रं असून घर पहिल्यापेक्षा जास्त शांत झालं होतं. फरशीवर नखांची टिकटिक यायची, ती थांबली की समजायचं, बाईसाहेब आपल्याकडे बघतायत.

मग ती मला वस्तू आणून द्यायला लागली. पहिल्यांदा ह्यांचा मोजा आणला. ढगांच्या गडगडाटाने ती कापत होती आणि मी तिला थोपटत झालं झालं करत होते. ती उठली, पलंगाखाली गेली, मोजा तोंडात धरून आली, माझ्या पायाशी ठेवला, नाकाने जरा पुढे सरकवला आणि कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दुसऱ्या वेळी लोकरीचा गुंडा. मग हातमोजा, मऊ टोपी, एकदा तर उकडलेला बटाटा, तोही सालीला दात न लावता. सगळं मऊ, सगळं मुठीएवढं. ठेवायचं, पुढे ढकलायचं आणि पाठ करायची.

मी तर हरखूनच गेले. "माझी शाई मला नजराणा आणते," गल्लीभर सांगितलं. "आणि लाजते किती! दिलं की भिंतीकडे तोंड." शेजारणी बघायला यायच्या. मी शाईला जवळ घेऊन झालं झालं म्हणायचे, ती काहीतरी आणून द्यायची, बायका टाळ्या पिटायच्या. हे तेवढे म्हणायचे, "अगं, लाजणारं जनावर शेपूट पायात घालत नाही." मी म्हटलं, चुका काढायची सवय जाईल तर शपथ.

पलंगाखाली वाकून पाहिलं तेव्हा तिथे मऊ वस्तूंची एक रांग होती. प्रत्येक वस्तू चाटून ओली केलेली, एकीला दुसरी चिकटून, गार लागू नये अशी. मला गोड वाटलं.

काही महिन्यांनी ताईने स्नेहमेळावा ठेवला. त्या शेडमधल्या कुत्र्या ज्यांनी ज्यांनी नेल्या होत्या त्या सगळ्यांनी एका सकाळी शेल्टरच्या अंगणात यायचं. छान ऊन होतं. तपकिरी, पांढऱ्या, ठिपक्यांच्या कुत्र्या आल्या होत्या. कोणाला स्वेटर, कोणाच्या गळ्यात फीत. माणसं गप्पा मारत होती आणि इतकी कुत्री असून अंगणात एकही भुंकणं नव्हतं. एक शिक्षिका आली होती, ती म्हणाली, "आमची मला खेळणी आणून देते." तिच्याशेजारचा एक न्हावी म्हणाला, "आमची पण!" मला जरा वाईटच वाटलं. मला वाटत होतं, हा मान माझ्या एकटीचा.

फोटो काढायचं ठरलं. सगळ्यांनी आपापल्या कुत्रीला समोर बसवलं. फोटोवाला तरुण होता, थट्टेखोर. "हसा, हसा, भाऊ तुम्ही पण, दात मोजत नाही आम्ही. हं... आणि... झालं!"

सगळ्या कुत्र्या एकदम उठल्या.

कोणी धावलं नाही, घाबरून इकडेतिकडे झालं नाही. शिक्षिकेच्या कुत्रीच्या तोंडात कापडी ससा होता, तो तिने पुढे गवतावर ठेवला आणि नाकाने ढकलला. न्हाव्याच्या कुत्रीने स्वतःची फीत ओढून काढली आणि तीच ठेवली. मग त्या सगळ्या वळल्या, कुंपणाच्या भिंतीपाशी गेल्या आणि तिच्याकडे तोंड करून ओळीने उभ्या राहिल्या. मधे सारखं अंतर. शाई त्यांच्यात होती. कुणाचीही शेपटी हलत नव्हती.

फोटोवाला तसाच, कॅमेरा डोळ्याला लावलेला. मग एक म्हातारे गृहस्थ घोगऱ्या आवाजात म्हणाले, "काय झालं?" आणि ती सगळी ओळ आणखी थोडी भिंतीला चिकटली.

ताईने फोन काढला. तिच्याकडे त्या शेडमधलं चित्रीकरण होतं. शेड बंद पाडण्याआधी कोणीतरी चोरून केलेलं. "मी हे आवाज बंद करूनच पाहिलंय," ती म्हणाली. "पत्र्याचा आवाज सहन होत नव्हता." तिने फोनचा आवाज वाढवला आणि आम्ही सगळे वाकलो.

पिंजऱ्यांची रांग. एक माणूस रिकामी पेटी घेऊन येतो. मला वाटलं होतं राक्षस असेल, दंडुका असेल, शिव्या असतील. तसलं काही नव्हतं. ढगळ स्वेटर घातलेला साधा माणूस. पिंजऱ्यापाशी उकिडवा बसतो आणि इस्त्रीवाल्याकडे कपडे मागावेत तसं विचारतो, "झालं?" मग समजावत, मायेने, लाडिक, "झालं, झालं. झालं गं बाई." आतली कुत्री उठते. आपली पिल्लं एकेक करून नाकाने दाराकडे ढकलते. शेवटचं ढकलून झालं की वळते आणि पिंजऱ्याच्या मागच्या पत्र्याकडे तोंड करून उभी राहते. तो पिल्लं पेटीत भरतो. पुढच्या पिंजऱ्यापाशी जातो.

तो आवाज माझा होता. म्हणजे माणूस तो, गळा त्याचा, पण बोलण्याची ती चाल, तो हळूपणा, ते शेवटचं "गं बाई" माझं होतं. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या अंगणात कळलं. मी तिला धीर देत नव्हते. मी रोज तिच्याकडे पिल्लू मागत होते आणि ती बिचारी जे मिळेल ते पिल्लू करून मला देत होती. वर मी शेजारणी बोलावून टाळ्या पिटवल्या होत्या.

घरी आल्यावर आम्ही त्या शब्दावर बंदी घातली. आता मराठी माणसाने त्या शब्दावाचून एक दिवस काढून दाखवावा. सकाळी उठल्यापासून माणूस काय विचारतो? अंघोळीचं विचारतो, जेवणाचं विचारतो, दुसऱ्याचं तोंड उतरलेलं दिसलं तर त्याचं विचारतो, आणि सगळीकडे तोच मेला शब्द. दोनच दिवसांत जीभ चावून चावून माझ्या तोंडाला फोड आला.

ह्यांना मात्र हुरूप आला. संशोधनच सुरू केलं. "अगं, 'झाला' म्हटलं तर ती ढिम्म हलत नाही. 'झाली' म्हटलं तरी नाही. फक्त नपुंसकलिंगी एकवचन!" मग घरातल्या सगळ्या वस्तूंची लिंगं तपासली गेली. चहा झाला चालेल, भाजी झाली चालेल, जेवण चालणार नाही. तेव्हा हे विचारायचे, "पोटपूजा झाली का?" काम म्हणायचं नाही, कामगिरी झाली म्हणायचं. दूरदर्शन संच अडगळीत गेला, कारण बातम्यांत सारखं कुठेतरी काहीतरी नपुंसकलिंगी होत असतं. शेजारणींना मी दारातच दटावून ठेवलं. एक म्हणाली, "सिस्टर, तुम्हाला काय झ..." आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला. ती पुढे महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

शाई सुधारली. पाचव्या फरशीवर आली, मग सहाव्या. एकदा ह्यांच्या चपलेवर डोकं ठेवून झोपली. वस्तू पलंगाखालून बाहेर येईनाशा झाल्या. मला वाटलं, सुटलो.

मग एका टळटळीत दुपारी, हे पेपर वाचत होते, मी शेंगा सोलत होते, रेडिओ नाही, खिडक्या लावलेल्या, वर-खाली कोणी नाही. शाईने झोपेतून मान वर केली. कान टवकारले. आम्हा दोघांच्या मधे जी जागा रिकामी होती तिथे जराशी उंच नजर लावून बघत राहिली, कोणी उकिडवं बसलं असावं तेवढ्या उंचीवर. मग उठली, पलंगाखालून लोकरीचा गुंडा आणला, त्या रिकाम्या जागेपुढे ठेवला, ढकलला आणि भिंतीकडे वळली.

"तू म्हणालीस?" ह्यांनी ओठ न हलवता विचारलं.

"नाही. तुम्ही?"

ह्यांनी नाही म्हणून मान हलवली. तो गुंडा उचलायला आम्ही दोघंही बराच वेळ पुढे झालो नाही.

तेव्हा मला कळलं की तोंड शिवून भागणार नाही. आम्ही शब्द घराबाहेर काढला होता, पण तो माणूस आतच होता.

त्यानंतर लेक आली. तिला आम्ही ठकी म्हणतो. पहिलटकरीण, बाळ महिन्याचं, जावई कामासाठी बाहेरगावी, तेव्हा काही आठवडे आमच्याकडे राहायचं ठरलं. आमचे जावईबापू भला माणूस, पण पुलांचे अभियंते. प्रत्येक गोष्टीत ती कधी कोसळेल ते आधी बघतात. दारातच त्यांनी मला बाजूला घेतलं.

"आई, राग मानू नका. पण एकदा जरी ती कुत्री बाळाजवळ गुरगुरली, तर ती शेल्टरला परत. एकदाच. दुसरी संधी नाही."

मी कबूल केलं. त्यांच्या जागी मी असते तर तेच म्हणाले असते. पण ताईने मागे सांगितलेलं माझ्या डोक्यातून जाईना. परत आलेल्या कुत्र्या खात नाहीत, सिस्टर. कोपऱ्यात उभ्या राहतात आणि एक दिवस बसतात, मग उठत नाहीत.

जावईबापूंना मी म्हटलं, "गुरगुरायला आवाज तरी कुठे आहे तिला?" ते हसले आणि माझा जीव टांगणीला लागला तो लागलाच.

बाळ, म्हणजे माझी नात, दांडीच्या टोपलीत झोपायची. शाई पहिल्या दिवशी टोपलीपासून लांब बसली. दुसऱ्या दिवशी जवळ. मग टोपलीला टेकून. बाळाचा श्वास वर गेला की हिची बरगडी वर, खाली गेला की खाली. बाळ झोपेत श्वासाला अडखळलं तर हीसुद्धा अडखळायची, आणि पुन्हा सुरू होईपर्यंत माझाही श्वास थांबायचा. पलंगाखालची रांग तिने मोडली. मोजे, टोपी, सगळं धूळ खात पडलं.

एका सकाळी ती उताणी पडली होती तेव्हा मी पाहिलं, तिची आचळं भरली होती. बोट लावलं तर दूध. तिची पिशवी तर शेल्टरमध्येच काढलेली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "होतं कधी कधी. शरीर विसरत नाही." मी इतक्या बायका पाहिल्या, पण त्या थेंबाकडे बघून मला रडू आलं. ठकीला मी सांगितलं. तिने स्वतःचा पदर सारखा करत शाईकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, हिला वाटतंय की बाळ हिचंच आहे. मग मी नेईन तेव्हा?"

शाईने टोपलीला कोणाला हात लावू दिला नाही, गुरगुरली, दात दाखवले, तर तिची रवानगी ठरलेली. आणि तिने निमूट देऊन टाकलं, तर? खरं सांगते, मला दुसऱ्याची जास्त भीती वाटत होती.

न्यायचा दिवस आला. जावईबापू सकाळच्या उन्हात घाम पुसत दारात उभे राहिले. पिशव्या भरलेल्या, ठकी केस विंचरतेय, टोपली खोलीच्या मधोमध, शाई तिला टेकलेली. त्यांना सगळं सांगितलेलं होतं, पण बसची घाई. कोणाही नवऱ्याच्या तोंडून निघेल तेच निघालं.

"झालं का सगळं?"

ठकीच्या हातातली फणी पडली. जावईबापूंनी जीभ चावली, पण बाण सुटला होता.

शाई उठली. तिने टोपलीत एकदा वाकून पाहिलं, बाळाचं कपाळ चाटलं आणि टोपलीच्या कडेला डोकं लावून ढकलायला सुरुवात केली. टोपली फरशीवर खरखरत त्यांच्या बुटांपाशी गेली. मग ती वळली आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्या पोटाखाली फरशीवर दुधाचे थेंब पडत होते.

"शहाणी आहे की!" जावईबापू सुटकेने म्हणाले. "आपणहून दिलं."

ठकी टोपली उचलायला वाकली.

"हात लावू नकोस," मी म्हटलं.

मी टोपली परत शाईकडे सरकवली. तिने मान वळवली, टोपली पाहिली. क्षणभर मला वाटलं, जमलं. पण तिने पुन्हा डोकं लावलं, पुन्हा ढकलली, पुन्हा पाठ केली. मी परत सरकवली. तिने परत दिली. या वेळी तिचे मागचे पाय लटपटत होते. तिला वाटत होतं की आपलं द्यायचं काहीतरी राहतंय. बाळ जागं होऊन रडायला लागलं.

"आई, बस चुकेल," जावईबापू म्हणाले.

"चुकू द्या."

मी तिथेच फरशीवर बसले आणि विचार केला. हिला दोनच प्रकारचे जीव ठाऊक आहेत. एक जो घेतो, आणि एक जो देऊन भिंतीकडे बघतो. आम्ही कितीही लाड केले तरी आम्ही घेणाऱ्यांतलेच. तिने आमची फक्त तोंडं पाहिली होती, पाठ कधी पाहिली नव्हती.

"सगळे भिंतीकडे तोंड करा," मी म्हटलं.

"काय?"

"भिंतीकडे. आणि मी सांगेपर्यंत कोणी वळायचं नाही."

"आई, माझी मुलगी आहे ती!" जावईबापूंचा आवाज चढला. "त्या जनावराच्या पुढ्यात ठेवून पाठ करू?"

"माझी नात आहे. कळतंय मला." मी टोपलीवरचा हात काढून घेतला. "तुम्ही नाही म्हणा, मी उचलून देते. तुमचा हक्क आहे."

ते ठकीकडे बघत राहिले. ठकीने शाईच्या पोटाखालच्या थेंबांकडे पाहिलं. मग आधी तीच वळली. हे वळले. जावईबापू सर्वांत शेवटी, दाराच्या चौकटीला धरून.

मी टोपली ढकलत शाईच्या पायांशी नेली. माझ्या नाकाने नाही, पण कपाळ टेकून, तिच्यासारखीच. आणि इतके महिने गिळलेला शब्द बाहेर काढला, त्याच चालीत, त्या माणसाच्या, माझ्या. "झालं, झालं. झालं गं बाई." मग उठले आणि ठकीशेजारी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

भिंतीकडे तोंड केलं की डोळ्यांपुढे नुसता चुना असतो आणि माणूस सगळा कान होतो. बाळ रडत होतं. नखांची टिकटिक झाली. थांबली. मग टोपली हलली. खरखर, खरखर, ती आमच्यापासून लांब जात होती, पलंगाच्या दिशेने. जावईबापूंचा श्वास जोराने चालला होता.

मग बाळाचं रडणं मधेच तुटलं.

ठकीने माझं मनगट धरलं. कळा येणाऱ्या बायका धरतात तसं, नखं रुतवून. मी इतक्या जणींना जे सांगत आले ते तिला सांगायला माझ्या तोंडात शब्दच नव्हता. जावईबापूंचा बूट फरशीवर अर्धा वळला. मी डोळे मिटले. त्या क्षणी मला माझ्या शहाणपणाची जितकी भीती वाटली तितकी त्या माणसाची कधी वाटली नव्हती.

शांततेत चाटण्याचा आवाज आला. मग बाळाची एक उचकी, आणि पोट भरल्यावर काढते तो तिचा तोंडातल्या तोंडात कुरकुर सूर. ठकीचे खांदे हलायला लागले, पण ती वळली नाही.

त्यावर, आमच्या पाठीमागे, अगदी खालून, एक आवाज निघाला. गंजलेल्या बिजागरीवर दार लोटावं तसा. फाटका, हवेचाच जास्त. एकदा, आणि मग पुन्हा, दम लागूनही पुन्हा. आमच्या घरात तो आवाज कधीच झाला नव्हता. आतून कापलेल्या गळ्यातून शाई आमच्यावर गुरगुरत होती. जवळ येऊ नका म्हणून.

मला आनंदाने ओरडावंसं वाटलं आणि त्याच क्षणी आठवलं. एकदाच. दुसरी संधी नाही. मी मान जराशी तिरकी करून जावईबापूंकडे पाहिलं. त्यांनी कपाळ चौकटीला टेकवलं होतं आणि डोळे घट्ट मिटले होते.

"मला तर काही ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "तुम्हाला आलं, बाबा?"

"छे बुवा," भिंतीला नाक लावून हे म्हणाले.

मागून पुन्हा गुरगुर आली, या वेळी जरा मोठी, आणि आम्ही चौघंही तसेच उभे राहिलो.